आवाज खाणारा डबा

...आणि वर लोक म्हणतात, हौस त्याची, भोगू दे त्यालाच! अहो, हौस कसली? तुम्हाला सांगतो, आमच्या चुडामणला फक्त आवाज कमी करायचा होता!

चुडामण मूळचा एरंडोलचा, धुळ्यात पोस्टात नोकरीला. दिवसभर पाकिटांवर ठप्पे मारायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन तासभर इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, त्या तासावरच जगत होता म्हणा ना! आणि ॲम्प्लिफायर कोणता? लग्नाच्या मांडवातून रिटायर झालेला, जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या पेटणारा! आता या व्हॉल्व्हची खोड अशी, की हळू ठेवला तर सूर मिळमिळीत, पातळ वरणासारखा... आणि फुल केला की अस्सा भरदार, गोड खरखरीत! पण फुल केला की गल्लीतली भांडी फळीवरून खाली! लगेच घरमालकीण नर्मदाबाई दारात, कमरेवर हात: "चुडामणभाऊ, हाई काय शे? बठ्ठी गल्ली मले बोलस! आते परत आवाज उना ना, तं खोली खाली कर!" म्हणजे परत आवाज आला की खोली खाली! आता सड्याफटिंग माणसाला दुसरी खोली देतो कोण हो? म्हणजे खोली ठेवायची तर गिटार गेली, गिटार ठेवायची तर खोली गेली!

मग काय, स्पीकरवर गोधडी टाकली. म्हशीनं पोत्यात तोंड घालून हंबरावं, तसा सूर! मग म्हणाला स्पीकरच काढतो, कटकटच नको. नशीब, आधी जळगावला जाऊन रेडिओवाल्या पंडितला विचारलं. तो ओरडलाच, "अरे बाबा, बिनस्पीकरचा फुल वाजवशील तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल! ती ताकद कुठंतरी जिरायला पाहिजे. मध्ये एक डबा बसव, बरीचशी ताकद त्यानं खायची, उरलीसुरली स्पीकरला. अटेन्युएटर म्हणतात त्याला!"

डबा बसव म्हणे! मिळतो कुठं तो? जळगावात नाही, धुळ्यात नाही, दुकानदार उलट यालाच विचारतात, "काय हो, विहिरीवर मोटर बसवायची का?" शेवटी यानं स्वतःची इलेक्ट्रिक शेगडी मोडली, मीटर लावून लावून कॉइलचा हवा तेवढा तुकडा तोडला, चिनीमातीच्या थाळीत बसवला, ती थाळी तेलाच्या रिकाम्या डब्यात, डब्याला खिळ्यानं भोकं... बोटांना चटके, अंगठा कापलेला, शेगडी गेली म्हणून चहासुद्धा बंद! आणि कशासाठी? तर आवाज कमी करायचा होता!

पण चाललं हो! ॲम्प फुल, सूर गोड, आणि आवाज इतका बारीक की शेजारच्या कुकरची शिट्टी वरचढ! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. फक्त डबा तापायचा. तापणारच! सगळं गाणं त्याच्याच पोटात ना!

तर गल्ली एवढी शांत कशी, म्हणून नर्मदाबाई बघायला आली. "जित्ता शे ना रे भाऊ?" डब्याला हात लागला आणि बाई थबकली. दिवस मार्गशीर्षाचे, थंडीनं गल्लीत कुणाचंच दही लागेना. गेली ती विरजण लावलेल्या दुधाचं पातेलं घेऊनच आली, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, ठेवलं डब्यावर! सकाळी दही असं, की सुरीनं कापावं!

झालं! दुसऱ्या दिवशी भागाबाईचं पातेलं, तिसऱ्या दिवशी ताईबाईची कळशी... तार लावायला हा जरा थांबला की दारातून आरोळी, "थांबू नको रे, मनं दही लागानं शे!" एकदा मावसभावाच्या लग्नाला म्हणून एरंडोलला जाऊन आला, तर बायका पातेली घेऊन दारात उभ्या, कुठं गेला होतास म्हणून जाब विचारायला, "कथा गयथा? बठ्ठं दूध नासी गयं!" अहो, माणसाला फक्त आवाज कमी करायचा होता!

पण कलावंताचा जीव, राहवतंय कुठं? एका संध्याकाळी, डब्यावर पातेल्यांची उतरंड, आणि यानं जीव ओतून वाजवलं. नर्मदाबाई उंबऱ्यातच बसलेली. यानं भीत भीत विचारलं, "अक्का, रोज ऐकता तुम्ही... कसं वाटतं?"

बाईनं कालच्या दह्यात बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "चांगलं शे रे भाऊ. पन जरासं आंबट व्हयनं. आज थोडं कमी वाजाड."

आणि चुडामणनं, तुम्हाला सांगतो, मुकाट्यानं आवाज कमी केला.