पुरातला पदर

वैनगंगेवर पूल नव्हता ना, तेव्हाचं सांगतो. भादव्यातला पूर. काका, काकी अन् मी डोंग्यात. काकानं काकीच्या जुन्या लुगड्याचं शीड बांधलं होतं. मधात गेलो अन् वादळ सुटलं, डोंगा पार कलला. "काका, शीड सोडा!" म्हनून वळलो, तं बाजूले पट्टेदार वाघ पोहून राह्यला! हात पुरला असता, एवढा जवळ. आमच्याकडं त्यानं पाह्यलंबी नाई, धार कापत सरळ गेला. काकाच्या हातची शिडाची दोरी आपोआप सुटली, म्हनून वाचलो. काकीनं मात्र वाघासमोर नाकापर्यंत पदर ओढला होता.

काठाले लागल्यावर काका बिघडला, "माह्या बापासमोर कधी एवढा पदर नाई घेतला तू!"

काकी म्हने, "तुमचा बाप कधी असा पूर पोहला काय?"