दारफाळणीच्या आदल्या दिवशी

मंडळी, बरेच जण ड्यूटीवरून थेट आलात. रिबेका, तुला विमान मिळेपर्यंत तुझ्या बाबांना माती दिली गेली. तुझ्याकडे बघून बोलणं कठीण आहे गं. तरी बोलते, कारण तुला कळायला हवं.

तुझे बाबा, आमचे डॅनियलकाका, इथं आखातात माहूजला माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही दोघंही अलिबागकडचे. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्यात दारफाळणीचा सण असतो. दिवसभर दार बंद, पांढरे कपडे, कडक उपास, देवाकडे क्षमा. "पण माणसाला दुखवलं असेल तर देव माफ करत नाही," काका म्हणायचे. "आधी त्या माणसाकडे जायचं."

यंदा आदल्या दिवशी म्हणाले, "सुजाता, जिदहफ्सला सोडशील? इस्माईलकडे."

इस्माईलभाई, तुम्ही इथं बसला आहात. तुम्हाला विचारूनच सांगते. मागं साइटवर एक कामगार पडला. सेफ्टीचं काम काकांकडे. त्यांनी सगळ्यांसमोर तिथंच काम करणाऱ्या भाईंना दोष दिला. चूक भाईंची नव्हती. काकांनी नंतर साहेबांपुढे कबूल केलं. पण भाईंची नोकरी गेली ती गेलीच.

त्या दिवशी काका भाईंच्या दारातच थांबले. "इस्माईल, माझं चुकलं."

भाई म्हणाले, "आत ये. चाय पी. पन माफी आज मागू नको. माज्या तोंडातून निघनार नाय."

काकांनी चहा घेतला. गाडीत मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"तो खोटं बोलला नाही. पण उद्या देवासमोर काय घेऊन बसू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून बजावलं होतं. काकांनी दार उघडलं, निमूट गोळी घेतली. "जीव राखायला धर्माची ना नाही," म्हणाले. रिबेका, उपासानं नाही गेले ते. संध्याकाळी हृदयच थांबलं.

दफनाला भाई आले. फावडं हातात घेतलं, ते शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही. माती लोटून झाल्यावर मला म्हणाले, "लोक म्हनतील, माफ करायचं राहून गेलं. खरं सांगू? मी अजून तयारच नव्हतो. आनि रडू थांबत नाय."

  

चला, उभे राहू या. थोडा वेळ कुणी कुणाची समजूत घालू नका. काका, आमचा नमस्कार घ्या.