गाण्यातली प्रेस

चिखलीच्या शेडमध्ये कादरने हेवी मेटलचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा शेजारच्या कारखान्यातली पत्रा ठोकणारी प्रेस काही थांबली नाही. तिचे ठोके तबकडीत उतरले. लाजेने तो आठवडाभर तोंड लपवत होता. आज बसच्या रांगेत पुढे दोन कामगार बोलत होते.

"कादरची तबकडी कँटीनमध्ये तीनदा लावली, राव!"

"गिटार कसलं किंचाळतं! पण तो ढोल?"

"ढोल न्हाई, भावा, प्रेस हाय ती. धा वर्सं चालवतोय, वळखणार न्हाई व्हय?"

"गाण्यात प्रेस?"

"मग! पोरांनी टेबलं बडवली. साहेब बंद करायला आले अन् पायानं ठेका धरून उभेच राहिले."

कादरची आळंदीची बस आली. तो चढला नाही. त्या दोघांची बस अजून यायची होती.