कोपरापर्यंत बाह्या

धाकटा : बरं, मांड तुझा हिशेब. आपलं इस्त्रीचं दुकान सोडून त्या इस्पितळाच्या लाँड्रीत गेलीस, तर पदरात काय पडणार? खिडकीची खोली, रविवारची सुट्टी. आणखी?

ताई : चादरी.

धाकटा : चादरी हा काय फायदा झाला?

ताई : चादरींना बाह्या नसतात.

धाकटा : म्हणजे?

ताई : म्हणजे वाघाचे पंजे! परवा डबा विसरले म्हणून मागे फिरले. शटर अर्धं खाली. आणि आत आमचे बंधुराज, मी दिवसभर इस्त्री केलेल्या शर्टांच्या बाह्यांवर पाणी मारतायत.

धाकटा : बघितलंस होय.

ताई : कधीपासून चाललंय हे?

धाकटा : दाजी काम शोधायला म्हणून गेले, ना फोन ना निरोप, तेव्हापासून. तू सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून इस्त्री करायला लागलीस. ऑफिसात जाणाऱ्या माणसाच्या हातावर आडव्या घड्या! बोंब मारतील लोक.

ताई : मग मला सांगायचंस.

धाकटा : आधीच तुझं काय कमी होतं? म्हटलं, आपण सोसू. तू घरी गेलीस की सगळे शर्ट पुन्हा काढायचो. कधी एका शब्दानं बोललो?

ताई : नाही ना. तेच तर. ओरडला असतास तर मी रडले असते. रडले असते तर काय झालं म्हणून विचारलं असतंस.

धाकटा : घ्या! इथं कंबर धरली माझी, आणि वर ऐकूनही मीच घ्यायचं.

ताई : तुझी कंबर दिसते रे मला. मोठं मन आहे तुझं, नाही कोण म्हणतंय? पण ती गळकी इस्त्री सोसतोस ना, तसं मला सोसलंस. खाली फडकं ठेवायचं आणि काम पुढे रेटायचं.

धाकटा : त्या इस्त्रीवर जीव आहे माझा.

ताई : हसवू नकोस.

धाकटा : मग काय करायला हवं होतं? गळ्यात पडून रडू? आपल्या घरात कुणाला येतं का असलं काही?

ताई : एकदा विचारायचंस. बाह्या अशा का दुमडतेस, बस. त्या टेबलापलीकडूनच. उत्तर रोज तोंडाशी आणून बसायचे मी.

धाकटा : वाटलं, खपली निघेल.

ताई : कसली खपली? ओलंच आहे अजून.

धाकटा : ...ताई, माझाही कॅरमचा भिडू गेला गं. सोंगट्या अजून तशाच मांडून ठेवल्यात माळ्यावर. पण तुझ्यापुढे मी कुठल्या तोंडानं बोलणार?

ताई : याच तोंडानं बोलायचंस, वेड्या! मला वाटायचं, त्यांची वाट बघणारी मी एकटीच.

(धाकटा अंगातला शर्ट काढून टेबलावर पसरतो.)

धाकटा : दाखव. दाजी बाही कशी दुमडायचे ते?

ताई : तीन घड्या. शेवटची सैल. घड्याळ दिसलं पाहिजे म्हणायचे.

धाकटा : बंद पडलेलं घड्याळ!

ताई : तुला ठाऊक होतं?

धाकटा : सेल मीच आणून द्यायचो. घालायचे राहून जायचे.

ताई : ...धर नीट. सुरकुती पडतेय.

धाकटा : आता नाही ना जाणार तू?

ताई : जाणार. शब्द दिलाय. आणि इथं राहिले तर हे हात तीच घडी घालत बसतील. रविवारी येईन ना. कॅरम काढून पूस.

धाकटा : मग या सगळ्याची झळ शेवटी कुणाला लागली म्हणायची? तुला की मला?

ताई : दोघांना. एकाच माणसाच्या जाण्याची किंमत आपण दोघांनी वेगवेगळी भरली, आणि दोघांनीही पुरती.