आईसाबांचं घोंगडं

माझं म्हायेर उमापुराकडचं, आमी परटाचे, बाप समद्या गावाचं धुणं धुवायचा, सुगीला घरोघरचं धान्य यायचं आन् लगीन निघालं की नवरानवरीच्या पायाखाली पायघड्या आमीच घालायच्या, तो मान आमचा. काय सांगू तुम्हाला ताई, नदीला पाणी व्हतं तवाच्या ह्या गोष्टी. लगीन करून हिकडं कारखान्याच्या गावाला आले तर चार वर्सांत नदीच आटली, टँकर सुरू झाले, आता टँकरचं पाणी माणसानं प्यावं का त्यात दुनियेची धुणी धुवावी? आमचे हे म्हणले, घाट सोड, बंगल्यावर जा. जुन्या चेअरमनचा बंगला, त्यांच्याच बोअरला तेवढं पाणी. तवापसून तिथंच हाय मी. मनगटं गेली माझी, पिळा मारला की कळ खांद्यापतूर जाती.

तुमी म्हणताल, आपल्याकडं एवढं ऊन आन् कपडे वाळवायला मशीन कावून? आवं, कारखाना पेटला की धुराड्यातून काळी राख पडती, पांढऱ्या धोतरावर नुसतं बोट लावलं की डाग पसरलाच. आन् दुष्काळात कारखाना बंद, तर रस्त्याचा फुफाटा घरात. म्हणून बंगल्याच्या सूनबाईनं, वहिनीसाबांनी, पुण्याहून मशीन आणली. मला वाचता येत न्हाई, तर त्यांनी बटनांवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली जाड कापडाला, म्हणजे टावेल, चादरी, जीनच्या पँटी. हिरवी टिकली पातळ कापडाला, टेरिकाट, रोजच्या साड्या. रेशमाला मशीन दावायचीच न्हाई. मी समदं ध्यानात ठेवलं. पर सुती सदरा जरा वलसर असतानाच काढायचा, म्हणजे इस्त्री बसती, हे वहिनीसाबांना मी सांगितलं, मशीनच्या पुस्तकात न्हवतं ते. लोकरीचं मातर कुणी काय बोललं न्हाई. कोण घालतंय हितं लोकर?

आता घोंगड्याचं सांगते. थोरले साहेब, म्हणजे चेअरमन, जित्ते व्हते तवा वसरीत घोंगड्यावर बसायचे, कुणाच्या उसाला तोड मिळंना, कुणाचं पोरगं नोकरीला लावा, समदी गाऱ्हाणी त्या घोंगड्यावर. ते गेले आन् आईसाब, त्यांची बायकू, त्याच्यावर निजाया लागल्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिशी मला म्हणल्या, एवढं नुसतं पाण्यातून काढून दे गं, उद्या फोटोखाली अंथरायचंय. मी गार पाण्यात धुतलं, आमच्या रीतीनं चिंचोक्याची खळ दिली, खळीनं घोंगडं ताठ ऱ्हातं. अंगणात पसरायला गेले तर धुळीचं वावधान सुटलं, समोरचं माणूस दिसंना. म्हणलं मशीन हाय की. घोंगड्यापरीस जाड घरात दुसरं काय असतंय? दाबली लाल टिकली.

तासाभरानं दार उघडलं तर भाजलेल्या चिंचोक्याचा वास, आन् आत एवढंसं, पाळण्यातल्या लेकराला तेवढं पुरंल, फळीवानी कडक. मी वढलं, एक टोक पायाखाली धरून वढलं, पाणी मारून वढलं. न्हाई झालं लांब. वहिनीसाब म्हणल्या जाऊ द्या मावशी, धनगराकडून नवं आणू. आईसाबांनी हातात घेतलं, नाकाला लावलं, आन् म्हणल्या, ह्यांचा वास गेला. बास. शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापसून त्यांनी त्यांचं लुगडं मला दिलं न्हाई. पंचाहत्तरच्या फुडं वय, मोरीत बसून सवता धुवायच्या, खोलीत दोरीवर वाळत घालायच्या. दोन वर्सं. मी रोज ते लुगडं दोरीवर बगायचे आन् दुसऱ्याची कापडं घड्या करायचे. लई लागलं ताई जिवाला. परटिणीच्या हातात कुणी कापड देईना मग ती परटीण कशाची?

मागच्या म्हयन्यात मोरीतून हाक आली. गेले तर वलं नऊवारी त्यांच्यानं उचलंना. म्हणल्या, धर. मी एक टोक धरलं, त्यांनी एक, पिळलं, आन् अंगणात दोघी दोन टोकं धरून वाऱ्याला उभ्या ऱ्हायलो. त्यांचं टोक खाली खाली याया लागलं. मी म्हणलं, सोडा आईसाब, दोरीवर टाकते. म्हणल्या, धर गप.

लुगडं वाळलं तशा आत गेल्या आन् कपाटातून एक नवंकोरं लुगडं माझ्या हातात दिलं. म्हणल्या, मी गेले की हे मला नेसवतील, नवं कापड टोचतंय गं, तुज्या हातानं धुऊन मऊ करून ठेव.

घरी आणून पेटीत ठेवलंय. रोज विचारत्यात, धुतलंस का? मी म्हणते, न्हाई आईसाब, आज आमच्याकडं टँकरच आला न्हाई.