हाव, हौस आणि भालूचा फुल फ्रेम

मंडळी, जरा सरसावून बसा. मागं खांबाला टेकलेत तेसुद्धा. तुम्ही सोडलात म्हणून खांब पडणार नाही, त्याची हमी ट्रस्टनं घेतली आहे.

आज प्रश्न एकच. हाव कशाला म्हणायचं आणि हौस कशाला? दोन्हींत माणूस दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग आतल्याला तरी कळतो का? आम्ही कीर्तनकार सांगतो — देवानं दिलंय त्यात सुख माना. आणि हे सांगताना आमच्या उपरण्याला नवा माईक टोचलेला असतो! तेव्हा उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. ऐका तर मग.

संगमेश्वराच्या बाजूला एक गाव. तिथं भालचंद्र सागवेकर नावाचा फोटोग्राफर. सगळे भालू म्हणत. पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, बारशी याच्याच कॅमेऱ्यातून गेलेली. कॅमेरा जुना, पण इमानी. आणि त्याचं ते भिंग — लेन्स हो — दर दसऱ्याला पाटावर मांडून त्याला हळदकुंकू. लेन्सच्या कडेला कुंकवाचा लाल डाग कायमचा बसलेला. भालू म्हणायचा, "हे भिंग लागलं की नवरी रुसलेली असली तरी हसरी येते."

बरं चाललं होतं. तेवढ्यात रत्नागिरीहून एक पोरगा त्या भागातली लग्नं घ्यायला लागला. त्याच्याकडं फुल फ्रेम! आता फुल फ्रेम म्हणजे काय? माताभगिनींना लगेच कळेल. कॅमेऱ्याच्या पोटात एक पाटी असते, तिच्यावर उजेडाचं चित्र उमटतं. भालूची पाटी पुरीएवढी समजा, तर या पोराची भाकरीएवढी. जास्त उजेड मावतो, अंधारातही दिसतं. लोक तर सांगायचे, त्या कॅमेऱ्यात भटजींच्या धोतरावरचा आमटीचा डाग या लग्नातला की मागच्या, तेही ओळखू येतं.

झालं. भालूची झोप उडाली. जेवताना फुल फ्रेम, आंघोळीला फुल फ्रेम. बायको सरोज एकदा म्हणाली, "काय कमी आहे हो आपल्या कॅमेऱ्यात?"

"कमी काही नाही. पण त्या पोराकडं आहे ना."

"त्याच्याकडं बुलेटपण आहे. दाढीपण आहे. तेही आणणार का?"

भालूनं आमटी भुरकली. अशा वेळी नवऱ्यांना आमटी फार गोड लागते, हा माझा अनुभव.

आणि बघा, देव परीक्षा घ्यायची ठरवतो तेव्हा पेपर घरपोच पाठवतो. भालूचा मावसभाऊ विनू पुण्याचा. त्यानं आणखी मोठा कॅमेरा घेतला आणि जुना फुल फ्रेम विकायला काढला. म्हणाला, "भालू, तू ने. सोबत एक लेन्स देतो. एक लग्न काढ, मग सांग. ठेवतोस तर ठेव, नाहीतर परत दे."

लग्न कुणाचं? अनंत साळवीच्या लेकीचं, केतकीचं. हा अनंत म्हणजे गावचा गिरणीवाला. भालूचा लहानपणापासूनचा मित्र. अंगावर सदा पीठ आणि तोंडावर सदा थट्टा. त्यानं सांगून ठेवलेलं, "भालू, माझी एकुलती पोर आहे. फोटो असे काढ की नंतर बघत बसायला बरे."

भालूनं मनाशी ठरवलं — या लग्नात फुल फ्रेमचा निकाल. घ्यायचा की नाही, इथंच ठरणार.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं नवा कॅमेरा हातात घेतला. काय तो जडपणा! गळ्यात अडकवला की मान आपोआप खाली. वरपक्षाला वाटलं, फोटोग्राफर फार विनयशील आहे. विनूनं दिलेली लेन्स पिशवीत होती. पण भालूचं मन म्हणालं, परक्याचं भिंग शुभकार्याला कशाला? आपलं दसऱ्याचं आहे की! बसवलं जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर. बसलंही नीट. खटकन.

इथंच चुकलं, मंडळी. ओसरीपुरता दिवा ओसरीत छान. तोच दिवा भर मैदानात ठेवा — मधे उजेड, चहूकडे काळोख. पुरीएवढ्या पाटीसाठी केलेलं भिंग भाकरीएवढ्या पाटीला पुरेल कसं?

मांडव भरला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. भालूनं डोळा लावला, कडेला काळं दिसलं. त्याला वाटलं, चष्म्याला घाम आलाय. बटण दाबलं आणि मागच्या पडद्यावर पाहिलं. नवरानवरी मधोमध गोल उजेडात, चारी कोपरे काळे कुळकुळीत!

शेजारी खुर्चीवर चढून नवऱ्याची कमलआत्या उभी होती, मुठीत अक्षता. तिनं वाकून पाहिलं. चेहराच उतरला बाईंचा.

"काय हो हे? आमच्या मंदारच्या फोटोला काळी चौकट? पेपरात मागच्या पानावर असते तशी?"

भालूनं कॅमेरा छातीशी धरला. अंतरपाट एकदाच पडतो. तो क्षण गेला की गेला, परत धरून पाडला तर त्याला नाटक म्हणतात. आणि ही बाई आता मोठ्यानं बोलली, तर अपशकुनाची कुजबुज साऱ्या मांडवात. तिकडं अनंत नव्या टोपीत उभा, डोळे लेकीवर. त्याच्या एकुलत्या पोरीचं लग्न, आणि आपल्या हातून हे?

आत्याबाईंनी श्वास घेतला. बोलणार, इतक्यात भालूला त्यांच्या दुसऱ्या मुठीतला घडी घातलेला कागद दिसला. कोकणातल्या फोटोग्राफरला अशा कागदाचा वास येतो. घरी रचलेलं मंगलाष्टक!

"आत्या, तुमचं म्हणायचं राहिलं वाटतं?"

आत्यांचा चेहरा पालटला. "भटजी नको म्हणाले. पुरे झाली म्हणे."

"असं कसं? वरपक्षाचं एक तरी नको का? मी सांगतो त्यांना."

भालू वाकून भटजींच्या कानाशी लागला. भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्ताला अवकाश आहे जरा. लहान आहे ना हो बाई?"

"लहानच आहे," आत्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी उलगडली. उलगडली, उलगडली, ती उलगडतच राहिली.

मंदारचा जन्म झाला. त्याला दात आले. शाळेत तो लंगडीत पहिला आला. इंजिनिअर झाला, तेही वृत्तात बसवून! हार धरून धरून नवरीचे हात खाली आले. अंतरपाट धरणारे दोघे आलटून पालटून खांदा चोळायला लागले. मांडवाच्या दाराशी केळीचे खांब लावलेले होते ना — आत्या मंदारच्या पहिल्या पगारापर्यंत आल्या, तोवर त्यांना घड धरला म्हणतात. मी खाल्ली नाहीत ती केळी, पण खाल्लेला माणूस मला भेटला आहे.

तेवढ्या वेळात भालू पळाला. मांडवाच्या कडेला सरोज पिशव्या राखत बसलेली.

"जुना दे गं. लवकर."

तिनं पिशवीत हात घातला. जुना कॅमेरा हातात ठेवला, बॅटरी भरलेली, पट्टा सरळ केलेला. भालूनं भिंग इकडचं तिकडं केलं आणि जागेवर परत येऊन उभा राहिला. इकडं आत्यांचं सावधान, अंतरपाट खाली, अक्षतांचा पाऊस, वाजंत्री — आणि केतकीचा चेहरा. टिपला! स्वच्छ. कडेकोपऱ्यांसकट उजळ.

आता तुम्ही म्हणाल, संपलं आख्यान. जुनं ते सोनं, हाव वाईट, चला प्रसादाला. हे पाहा, आमचे पेटीवाले भातासुद्धा मिटायला लागले. थांबा हो! भालूला उत्तर सापडलेलं नव्हतं. नुसती फजिती झाली होती. फजितीला बोध समजू नये, मंडळी. नाहीतर एकदा ठेच लागली म्हणून माणूस जन्मभर घरात बसेल.

जेवणं झाली. फोटो झाले. तिन्हीसांजेला पाठवणीची तयारी सुरू झाली. बायका केतकीची ओटी भरत होत्या. "अनंत कुठं आहे?" कुणीतरी विचारलं. भालू शोधायला मांडवामागं गेला.

तिथं आचाऱ्यांची चूल विझत आलेली. लांबवर एक पिवळा दिवा. आणि त्या अर्ध्या उजेडात अनंत उकिडवा बसलेला. समोर पिठाची पिशवी. लेकीबरोबर द्यायला स्वतः दळलेलं तांदळाचं पीठ. तो पिशवीचं तोंड बांधत होता. बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. ही गाठ पक्की झाली की पिशवी गाडीत जाणार, आणि पिशवीमागोमाग पोर.

आजवर भालूनं अनंतचे किती फोटो काढले असतील! प्रत्येकात अनंत दात काढून हसतोय. कारण फ्लॅश पडला की अनंत हसायचा, सवयच ती. आताही फ्लॅश पाडला असता तर त्यानं दात दाखवले असते आणि हा चेहरा कायमचा गेला असता. आणि बिनफ्लॅशचा त्या उजेडात जुना कॅमेरा आंधळा.

भालूनं खांद्यावरच्या पिशवीतून मोठा कॅमेरा काढला. या वेळी विनूचंच भिंग लावलं. श्वास धरला. एकदाच बटण दाबलं.

अनंतनं मान वर केली. "काढलास काय रे?"

"काढला."

"बरं." आणि त्यानं गाठ मारली.

दोन-तीन दिवसांनी भालू गिरणीत गेला, फोटो घेऊन. अनंतनं हात पुसले, पीठ उडवलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. जातं नुसतंच फिरत होतं, दळणवाल्या बायका खोळंबल्या.

"असा दिसतो होय मी?"

"त्या वेळी असाच दिसत होतास."

"केतकीला आत्ता पाठवू नकोस. गौरीला माहेरी येईल, तेव्हा मीच दाखवीन." फोटो त्यानं पिठाच्या डब्यांमागं जपून ठेवला. "आणि काय रे, ते मशीन घेणार की परत देणार?"

भालूनं तिथूनच विनूला फोन लावला. "ठेवतो," म्हणाला. "तुझं भिंगही ठेवतो. सावकाश पैसे देईन, चालेल ना?"

रत्नागिरीच्या पोराचं नाव त्याच्या तोंडात आलं नाही. मंडळी, मनातही आलं नाही! आणि जुना कॅमेरा? तो दिवसाच्या कामाला आहेच, आपल्या भिंगासकट. कमलआत्यांनी आपला गातानाचा फोटो भिंतीएवढा करून मागवला, तो त्यातलाच.

तर आता तुमच्याकडं वळतो. कुणाला मोबाईल बदलायचाय, कुणाला गाडी, कुणाला ओटा मोडून नवा घालायचाय. मी नको म्हणणार नाही. फक्त देवासमोर बसून स्वतःला विचारा — कशाला हवंय? उत्तरात शेजाऱ्याचं नाव आलं तर ती हाव. पाणी प्या आणि झोपा. पण उत्तरात एखाद्या माणसाचा चेहरा आला, एखादं काम आलं जे त्यावाचून अडलंय, तर ती हौस. आणि हौशीला देवाची ना नाही. त्यानं स्वतः एवढे रंग केले, ते काय एकाच रंगावर भागत नव्हतं म्हणून?

समोरच्या रांगेत जे मघापासून मोबाईल वर धरून मला टिपताहेत, त्यांनाही हेच विचारतो. मला घरी नेऊन काय करणार? घरात तुमची आई आहे, तिला टिपा. ती पोळ्या लाटत असताना, तिला न सांगता.

टाळ घ्या आता. आणि मोबाईल खिशात ठेवून, मनापासून देवाचं नाव घ्या.