मापकाठीची तिसरी खाच

पोलीस ठाणे, सान बार्तोलो दे ला कुएस्ता, ग्वातेमाला. उपवासकाळातला चौथा सोमवार, सकाळची वेळ.

नाव डोमितिला सिकाय, विधवा. वय सदुसष्ट. धंदा मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले करून विकणे. राहणार हौदामागची गल्ली, निळं दार.

मी वरच्या पत्त्यावर मुलगा आणि सुनेबरोबर राहते. आज मी आपणहून ठाण्यात आले. हवालदार ओरोस्को यांनी खुर्ची दिल्यावर समक्ष सांगते, ते पुढीलप्रमाणे.

माझी तक्रार माझी नणंद क्रेसेन्सिया सिकाय, जिला गाव चेन्चा म्हणतं, तिच्याविरुद्ध आहे. ती दुःखी मातेच्या भगिनीमंडळात माप घेण्याचं काम करते. तिने मापकाठीत फेरफार करून माझी जागा घालवली, असं माझं म्हणणं आहे.

सदर काठी मी सोबत आणलेली आहे. हवालदारांनी इथे ‘चोरून आणली’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी ती काल संध्याकाळी देवळाच्या खोलीतून पुरावा म्हणून ताब्यात घेतली. चेन्चाने माझ्याआधी येऊन काठी चोरीला गेल्याची तक्रार दिली आहे, हे मला इथे आल्यावर समजलं. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती.

हवालदार परगावचे असल्यामुळे त्यांना रीत सांगावी लागली. गुड फ्रायडेला आम्ही बायका दुःखी मातेच्या मूर्तीची पालखी खांद्यावर घेऊन गावातून नेतो. कोण कुठे खांदा देणार हे वशिल्याने ठरत नाही, खांद्याच्या उंचीवर ठरतं. काठीवर खालून वर चार खाचा आहेत. ज्या खाचेला खांदा टेकेल, त्या खाचेचा टप्पा आपला. एका टप्प्यात सगळ्या एका उंचीच्या, म्हणजे पालखी कलत नाही आणि कुणी कुणाला नावं ठेवत नाही. तिसऱ्या खाचेच्या बायका शेवटच्या टप्प्यात, बेकरीपासून देवळापर्यंत, मातेला घरात आणतात. दुसऱ्या खाचेच्या वाट्याला भर उन्हातली कबरस्तानाची चढण येते. औषधवाल्याची बायको दुसऱ्या खाचेची आहे. तिने मंडळाला घंटा दान केली, तरी चढणच चढते. आमच्याकडे न्याय असा आहे, निदान कालपर्यंत होता.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिसऱ्या खाचेची आहे. पुढच्या दांड्याला डावीकडे मी आणि तिथेच उजवीकडे चेन्चा. आमच्या दोघींचे खांदे इतके सारखे, की पूर्वीचे पाद्री म्हणायचे, या दोघींवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडणार नाही.

हवालदारांनी विचारलं की आरोपीशी तुमचे संबंध कसे आहेत. संबंध नाहीत. माझे यजमान, म्हणजे तिचा भाऊ, वारले, त्याच्या नवव्या दिवसाच्या जेवणात तिने साऱ्या गल्लीदेखत म्हटलं की वहिनीच्या तमाल्यांत मीठ कमी आहे. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नाही. पालखीखाली बोलतो ते वेगळं. तिथे बोलावंच लागतं. ‘दगड आहे.’ ‘पायरी आली.’ ‘दमलीस का?’ ‘तू दमलीस का ते सांग.’ असं देवळापर्यंत चालतं. ते कामाचं बोलणं असतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

काल रविवारच्या मिस्सा प्रार्थनेनंतर मापं झाली. रिवाजाप्रमाणे माप घेणारीचं माप आधी होतं, ते मंडळाच्या अध्यक्ष ओफेलियाबाईंनी घेतलं. चेन्चा तिसऱ्या खाचेला बरोबर लागली. मग तिने आमची मापं घेतली. माझा खांदा तिसऱ्या खाचेपर्यंत पोचला नाही. दोन बोटं खाली राहिला. मी म्हटलं, नीट धर. तिने पुन्हा धरली. पुन्हा दोन बोटं. तिने काठीकडे बघत, माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “डोमितिला सिकाय, दुसरी खाच.” त्यानंतर बाकीची मापं अर्धवट टाकून ती घरी गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

हवालदारांनी विचारलं की वयानुसार माणसाची उंची कमी होते, तसं काही झालं असेल का. झालेलं नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. सुनेने हल्ली फडताळ उगाच वर ठोकून घेतलंय, त्यामुळे साखरेचा डबा काढायला स्टूल घ्यावं लागतं, पण तो सुनेचा स्वभाव आहे. माझे घागरे जमिनीला लोळतात, कारण आजकालचं कापड सैल पडतं. मुलगा निघताना वाकून पापा घेतो, तो त्याच्या बायकोने शिकवलेला दिखाऊपणा आहे. या गोष्टींचा काठीशी संबंध नाही, आणि हवालदारांनी त्या का लिहून घेतल्या हे मला समजलं नाही.

देवळाच्या दाराच्या दगडी चौकटीवर मूळ खुणा कोरलेल्या आहेत. त्यांवरूनच काठी केलेली आहे. माझ्या मागणीवरून हवालदार काठी घेऊन माझ्यासोबत तिथे आले. काठी चौकटीला लावली. चारही खाचा खुणांना तंतोतंत जुळल्या. मी त्यांच्या निदर्शनास आणलं की मागच्या भूकंपात चौकटच वर आली असणार. त्यांनी ते लिहून घेतलं नाही, म्हणून आता मी ते लिहायला लावते आहे.

आम्ही परतलो तेव्हा चेन्चा काठीची चौकशी करायला ठाण्यात येऊन बसली होती. मी हवालदारांमार्फत तिला विचारलं, की काठी खरी असेल तर मग मी खाली आणि ती वर कशी? आम्ही दोघी सारख्या आहोत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिचंही माप इथेच, अनवाणी घ्यावं.

चेन्चा म्हणाली, “हवालदार, हिला सांगा, माझे पाय दुखतात. बूट काढता येत नाहीत.”

मी म्हटलं, “हवालदार, हिला सांगा, काल देवळाच्या पायऱ्या चढताना दुखत नव्हते.”

हवालदार म्हणाले, “बायांनो, मी एकटा आहे आणि तुम्ही एकमेकींपासून हातभर अंतरावर आहात.”

चेन्चाने बाकावरून वाकून बूट काढले. ते उलटे धरल्यावर आतून जाड लोकरी कापडाचे कापलेले थर पडले, दोन्ही बुटांतून. रंग तपकिरी. मी ते उचलून पाहिले आणि ओळखले. ती माझ्या यजमानांची टोपी होती. त्यांना पुरल्यानंतर ती मी घरभर शोधली होती आणि शेवटी गवंड्याच्या पोरांवर आळ घेतला होता. त्याबद्दल मी गवंड्याच्या घरी जाऊन काय ते बोलेन. ते इथे लिहू नये.

हवालदारांनी आरोपीला कारण विचारलं. ती मला म्हणाली, “वहिनी, घरी दाराच्या कडीला खांदा लावून बघितला, तर मी खाली गेलेली. तू तर गेल्या साली ताठ होतीस. म्हटलं, आता ही वर राहणार, मी खाली जाणार. मग माझ्या जागी ती बेकरीवाली लांबडी येऊन उभी राहील, आणि तुला दगड आला म्हणून कोण सांगेल? म्हणून भाऊला पायाखाली घेतला. आणि तुझ्या खांद्याला काठी लावते तर काय, तूच खाली.”

मी म्हटलं, “मग तेव्हाच का नाही बोललीस? हाक मारून दुसरी खाच कसली सांगितलीस?”

ती म्हणाली, “काठीने सांगितलं ते मी सांगितलं. माझ्या बुटात काय आहे त्याला काठी काय करणार?”

एवढं करून बाई मापाच्या बाबतीत एका केसाची सवलत द्यायला तयार नाही. पहिल्यापासून अशीच आहे.

त्यानंतर दोघींची अनवाणी मापं झाली. परपुरुषाने खांद्याला काठी लावणं बरं दिसत नाही, म्हणून तिचं मी घेतलं आणि माझं तिने. हवालदारांनी फक्त पाहिलं. चेन्चाचा खांदा दुसऱ्या खाचेला लागला. माझाही. कुणाचाच वर नाही, कुणाचाच खाली नाही. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

हवालदारांनी विचारलं, की मापात लबाडी केलेल्या बाईला त्या वर्षी पालखीला हात लावता येत नाही असा मंडळाचा नियम असल्याचं ओफेलियाबाईंकडून कळतं, तर तुम्ही लबाडीची तक्रार देणार का. यावर माझं म्हणणं असं, की नियम मला पाठ आहे. नियमात म्हटलंय की पालखीच्या दिवशी बुटात काही असू नये. पालखीला अजून अवकाश आहे. तोवर कुणी आपल्या बुटात काय ठेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला तक्रार नाही. चेन्चानेही काठीची तक्रार मागे घेतली, मात्र काठी स्वतः मोजून मगच ताब्यात घेतली. टोपीचे तुकडे मला परत मिळाले.

आम्ही दोघी यंदा कबरस्तानाच्या चढणीला पुढच्या दांड्याला खांदा देणार आहोत. औषधवाल्याच्या बायकोला त्यासाठी मागच्या दांड्याला सरकावं लागेल. काठीपुढे तिची घंटा चालत नाही, हे तिला आता परत एकदा कळेल. चेन्चाने इथेच सांगून ठेवलं, की चढणीवर फार बोलायचं नाही, धाप लागते. मी सांगितलं, बोलणारी तूच आहेस.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. तो मी ऐकला. चेन्चा बाहेर जायला तयार नव्हती, म्हणून तिनेही ऐकला. नवव्या दिवसाच्या तमाल्यांचा भाग आला तेव्हा तिने वाचन थांबवलं आणि दुरुस्ती सांगितली. ती तिच्याच शब्दांत घ्यावी अशी माझी विनंती आहे: “मीठ बरोबर होतं, वहिनी. मला त्या दिवशी कशाचीच चव लागत नव्हती.” ही दुरुस्ती मला मान्य आहे. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे.

सही: डोमितिला सिकाय
समक्ष: क्रेसेन्सिया सिकाय